थंडी व ओल सोसणारे ताडझाड : शिंदीची लागवड

ताडवर्गातील झाडांची हौस आपल्याकडे पुष्कळ वाढली आहे. बंगल्याच्या फाटकाशी दोन, संत्र्याच्या बागेतील वाटेच्या दुतर्फा एकेक रांग, विहिरीजवळ एखादे, अशी ही झाडे लावण्याकडे नागपूर, वर्धा व भंडारा ह्या जिल्ह्यांतील बागाईतदारांचा कल दिसून येतो. ह्यात वावगे काहीच नाही. परंतु रोप आणावयाचे ते कोकणातील माडाचे किंवा एखाद्या परदेशी शोभेच्या जातीचे, आणि दोन पावसाळे व दोन हिवाळे उलटले की त्याचा मधला कोंब सहज ओढता हातात यावयाचा, हा प्रकार इतका वारंवार घडतो की नागपुराकडे ताडझाड टिकत नाही, असा एक समज होऊन बसला आहे. हा समज खरा नसून, आपल्या भूमीस व हवेस मानवणारे एक ताडझाड आपल्या धुऱ्यावर आणि नाल्याकाठी पूर्वीपासून उभे आहे, हे वाचकांच्या नजरेस आणावे आणि त्याची लागवड कशी करावी हे सांगावे, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे. ते झाड म्हणजे शिंदी होय.

शिंदीस संस्कृतात खर्जूरी म्हणतात. हिंदी मुलखात छिंद हे नाव रूढ आहे. वनस्पतिशास्त्रात तिला फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, म्हणजे रानातील खजूर, असे नाव आहे. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या छिंदवाड्यास ह्याच झाडावरून नाव पडले असे मानितात, आणि वर्धा जिल्ह्यात तर सिंदी नावाचे गावच आहे. ज्या झाडाने गावांस नावे दिली, त्यास आपण आज निरुपयोगी काटेरी झुडूप समजून जेसीबी यंत्राने उपटून टाकीत आहोत. नाल्यांचे रुंदीकरण, धुऱ्यांची मोडतोड आणि पांदणींवरील अतिक्रमण ह्या तिहींच्या पायी शिंदीची बने झपाट्याने नाहीशी होत आहेत. एकीकडे पैसे देऊन मरणारे झाड आणावयाचे आणि दुसरीकडे फुकट मिळणारे व जगणारे झाड तोडावयाचे, हा उलटा व्यवहार थांबला पाहिजे.

हवामानाचा विचार

प्रथम आपल्या हवेचा विचार करू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी पाऊस अकराशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो. उन्हाळा किती कडक असतो हे सांगावयास नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झाली. परंतु आपल्या थंडीचा मात्र पुष्कळांस विसर पडतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तपमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशी थंडी प्रतिवर्षी पडत नाही हे खरे. पण झाड हे वीस-चाळीस वर्षांकरिता लावावयाचे असते, आणि एका वाईट रात्रीने ते मरत असेल तर उरलेल्या चांगल्या रात्रींचा उपयोग काय?

ह्यावरून नागपुरास लावावयाच्या ताडझाडाची परीक्षा तीन प्रकारची ठरते. त्याने वैशाखातील झळ सोसली पाहिजे, श्रावणातील पाणथळ सोसली पाहिजे व पौषातील गारठा सोसला पाहिजे. माड ह्या परीक्षेत उतरत नाही. समुद्राकाठची दमट हवा, वर्षभर सारखी ऊब आणि निचऱ्याची रेताड जमीन ही त्याची माहेरची सुखे. येथे त्यास थंडीही बाधते आणि कोरडी उष्ण हवाही बाधते. घराच्या आडोशाने व रोजच्या पाण्याने काही माड शहरांतून वाढतात व फळतातही, नाही असे नाही. परंतु ती हौस झाली, शेती नव्हे. अरबी खजूर उन्हाळा व थंडी दोन्ही सोसतो, पण त्याचे फळ पिकण्याच्या वेळीच आपला पावसाळा येऊन ठेपतो व घड कुजतात. कच्छातील बागाईतदार ह्याच कारणास्तव पुष्कळसे फळ अर्धपक्व व कडक असतानाच उतरवून विकतात. आपला पाऊस कच्छापेक्षा कितीतरी अधिक, हे लक्षात ठेविले म्हणजे तो धंदा येथे का जपून करावयाचा, हे कळून येईल.

शिंदी मात्र तिन्ही परीक्षांत उतरते. हिमालयाच्या पायथ्याशी व पंजाबच्या मैदानात, जेथे थंडीत दहिवर गोठते, तेथे ती आहे. आपल्यापेक्षा किती तरी अधिक पावसाच्या बंगाल्यात, भातखाचरांच्या बांधांवर, ती आहे. आणि आपल्या कोरड्या बरड माळरानावरही ती आहे. थंडी आणि ओल एकत्र आली असता टिकून राहणारी एवढी काटक ताडजात मैदानी मुलखात दुसरी दाखविणे कठीण.

परदेशचा एक दाखला

थंड व पावसाळी मुलखात ताडझाड वाढविण्याची खटपट इतरत्रही झालेली आहे व तिच्यापासून आपणांस एक धडा घेण्याजोगा आहे. इंग्लंडसारख्या गारठ्याच्या व भुरभुर पावसाच्या देशात ताड वाढेल, असे कोणास वाटले नसते. परंतु रॉबर्ट फॉर्च्यून ह्या वनस्पतिसंग्राहकाने १८४९ साली चीनमधून पंख्यासारख्या पानांच्या एका ताडाची रोपे तिकडे पाठविली, आणि ती उघड्यावर, बर्फ पडत असताही जगली. त्या जातीस आज ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी म्हणतात व इंग्लंडच्या किनाऱ्याकडील बागांत ती सर्रास दिसते. ही जात चीनमध्ये काही शोभेकरिता लावीत नसत. तेथील शेतकरी तिच्या खोडावरील काथ्यासारख्या तंतूंचे दोर वळीत व पावसात पांघरण्याकरिता त्यांची इरली करीत. म्हणजे जे झाड परक्या मुलखात कौतुकाचे ठरले, ते आपल्या घरी शेताच्या कडेचे साधे कामाचे झाडच होते. ह्याच कुळातील एक जात आपल्या कुमाऊँच्या डोंगरांत, पिठोरागडाच्या बाजूस, हिम पडणाऱ्या उंचीवर आढळते.

आमच्या प्रांतात खरा थंड व पावसाळी असा भाग म्हणजे मेळघाटातील चिखलदरा. सुमारे ११०० मीटर उंची, दाट धुके आणि कॉफीस मानवणारी हवा असलेल्या त्या ठिकाणी ज्यांच्या बागा आहेत, त्यांनी कुमाऊँतील किंवा चीनमधील जातीचा प्रयोग दोन-चार रोपांपुरता अवश्य करून पाहावा. मैदानात मात्र त्यांचा नाद धरू नये. नागपूरचा वैशाख त्यांस सोसवणार नाही. परदेशच्या दाखल्यावरून घ्यावयाचा धडा हा की, झाड निवडताना प्रथम त्याचे मूळचे हवापाणी पाहावे, शोभा मागाहून पाहावी.

झाडाची ठेवण

लागवडीचे नियम सांगण्यापूर्वी ताडझाडाच्या अंगरचनेविषयी चार शब्द सांगणे जरूर आहे. कारण ते समजल्यावाचून पुढील नियमांतील मर्म ध्यानी येणार नाही. आंबा, संत्रा, लिंब इत्यादी झाडांस पुष्कळ डोळे असतात. एक फांदी मेली तर दुसरी फुटते. सालीस जखम झाली तर ती हळूहळू भरून येते. ताडझाडाचे तसे नाही. त्याचा सारा जीव शेंड्यातील एका कोंबात असतो. शिंदीस फांद्या फुटत नाहीत; तो एक कोंब कुजला की झाड संपले, मग बुंधा कितीही जाड असो. तसेच त्याच्या खोडास साल व तिच्याखालील वाढीचा थर नसल्यामुळे एकदा पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. मुळे दोरीसारखी, बुंध्यातून झुबक्याने निघणारी असतात आणि ती जमीन उबदार असतानाच जोमाने फुटतात. थंड जमिनीत ती स्वस्थ बसतात.

ह्या तीन गोष्टींवरून तीन नियम निघतात. कोंबात पाणी साचू देऊ नये. जिवंत अंगास विनाकारण जखम करू नये. लावणी उबेच्या दिवसांत करावी. पुढे जे जे सांगितले आहे ते ते ह्या तीन नियमांचाच विस्तार होय.

बियाणे व रोपे

शिंदीस बुंध्याजवळ पिले फुटत नाहीत, सबब तिची लागवड बियांपासूनच करावी लागते. नर व मादी झाडे निरनिराळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत कोणते झाड कोणत्या जातीचे हे ओळखता येत नाही. फळांची अपेक्षा असल्यास हे लक्षात घेऊन झाडे अधिक लावावी. पाने, कुंपण व रस ह्यांस नर-मादी दोन्ही सारखीच उपयोगी आहेत.

बी ज्या झाडाचे घ्यावयाचे ते झाड सरळ, जोमदार व शक्यतो आपल्याच शिवारातील पाणथळ जागी वाढलेले असावे. ज्याचे आईबाप आपल्या काळ्या जमिनीत व आपल्या थंडीत टिकले, त्याची संतती टिकण्याचा संभव अधिक. फळे पिवळसर तांबूस होऊन आपोआप गळू लागली म्हणजे ती वेचावी, गर धुऊन काढावा व बिया दोन-तीन दिवस रोज पाणी बदलून भिजत ठेवाव्या. बी ताजे असावे. कपाटात वर्षभर पडलेले बी पेरून उगवणीची तक्रार करण्यात अर्थ नाही.

पेरणी वाफ्यात न करिता एक फूट खोलीच्या पिशवीत करावी. ह्याचे कारण असे की, शिंदीच्या बियांतून प्रथम एक देठ खाली जमिनीत शिरतो आणि मूळ व कोंब त्या देठाच्या टोकाशी, बियांपासून काही अंतरावर, निघतात. उथळ कुंडीत ही वाट तळाशी जाऊन अडते व रोप वाकडे होते. पिशवीत पोयट्याची माती, जाड रेती व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात भरावे, तळाशी भोके मोकळी असावी आणि बी सुमारे एक इंच खोल टाकावे. उगवणीस दीड ते तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत काही दिसले नाही म्हणून पिशव्या उकरून पाहण्याची घाई करू नये. पहिली पाने गवतासारखी अखंड असतात. ती पाहून हे गवतच आहे अशा समजुतीने नवखा मजूर ती निंदून टाकितो. ह्याकरिता पिशव्यांची जागा वेगळी व खुणेची असावी.

लावणी

रोप एक ते दोन वर्षांचे झाले म्हणजे मृग नक्षत्राचा पाऊस लागताच लावावे. पुष्कळ लोक हिवाळ्यात, हवा गोड असते म्हणून, ताडझाडे लावितात. माणसास जी हवा गोड ती ह्या मुळांस गोड नव्हे. मृगात लाविलेल्या रोपास पौषाची थंडी येण्यापूर्वी सहा महिने मिळतात व तेवढ्यात त्याची मुळे जमीन धरितात. मार्गशीर्षात लाविलेले रोप थंडी व ओलावा दोन्ही अंगावर घेऊन नुसतेच उभे राहते व पुढे कुजते.

आता जमिनीविषयी. मुरमाड व बरड जमिनीत दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा उन्हाळ्यात खणून, तापू देऊन, माती व शेणखताने भरावा. ही रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु भारी काळ्या जमिनीत हीच रीत घातक ठरते, हे आम्ही आग्रहपूर्वक सांगू इच्छितो. काळ्या चिकण जमिनीत खणलेला व भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदाप्रमाणे होतो. सभोवतालच्या जमिनीतून पाणी झिरपून त्यात उतरते व बाहेर जावयास वाट राहत नाही. तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे घातल्याने निचरा होईल, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. त्यायोगे हौद मात्र अधिक मोकळा होतो. शोभेची ताडझाडे आपल्याकडे मरतात त्यांतील पुष्कळशी ह्या खड्ड्यांतच मरतात, आणि दोष मात्र हवेस दिला जातो.

काळ्या जमिनीत खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. चार-पाच फूट रुंद व फूट-दीड फूट उंच असा मातीचा ढीग, शेतातील माती व थोडे शेणखत मिसळून, घालावा. त्यावर रोप लावावे व ढिगाच्या उताराच्या बाजूस चर काढून पाणी पुढे लावून द्यावे. धुरा चांगला उंच असेल तर तोच आयता उंचवटा होय, निराळा खटाटोप करावयास नको. येथे कोणी विचारील की, शिंदी जर पाणथळ सोसणारी, तर एवढा विचार कशास? त्याचे उत्तर असे की, मोठे झाड आठ दिवस पाण्यात उभे राहील, पण लहान रोपाचा कोंब जमिनीलगत असतो. पाणी तुंबले की ते बुंध्याजवळ नव्हे, तर प्रत्यक्ष कोंबात शिरते. झाडाचा शेंडा कमरेएवढा वर गेला की ही काळजी संपली.

रोप लाविताना बुंध्याचा जो भाग पिशवीत जमिनीच्या बरोबरीस होता तो तसाच राहिला पाहिजे. वाऱ्याने हलते म्हणून खोल पुरल्यास कोंब मातीखाली जाऊन कुजतो. आधारास दोन काड्या लावाव्या, पण खोल लावू नये. दोन झाडांत दहा फुटांचे अंतर पुरे. नाल्याकाठी लावावयाचे असल्यास प्रत्यक्ष पात्रात न लाविता काठाच्या वरच्या कडेस लावावे. तेथे तिच्या मुळांचे झुबके माती धरून ठेवितात व काठ ढासळण्याचे कमी होते. नाल्याकाठची जागा सरकारी असल्यास तलाठ्याकडे आधी चौकशी करावी.

पहिली तीन वर्षे

शिंदी काटक खरी, पण ती काटक होते तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर. तोपर्यंत तिला पोरासारखे सांभाळावे लागते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. परंतु आच्छादन कोंबास भिडू देऊ नये. पावसाळा लागताच आच्छादन दूर सारावे.

थंडीच्या कडाक्याचा सुमार दिसताच रोपाची पाने वर गोळा करून सुतळीने सैल बांधावी व बाहेरून तणसाचा किंवा जुन्या पोत्याचा आडोसा द्यावा. पोते ओले राहिल्यास ते थंडीपेक्षाही अधिक अपाय करिते; म्हणून सकाळी ऊन आल्यावर ते काढून वाळवावे. सायंकाळी जमिनीस हलके पाणी द्यावे, त्यायोगे रात्री जमिनीची ऊब टिकते. मात्र हे पाणी कोंबावर कधीही ओतू नये. गार हवा जड असल्यामुळे ती पाण्याप्रमाणेच सखल जागी उतरून साचते. सबब अगदी खोलगट जागी लाविलेल्या रोपांची काळजी अधिक घ्यावी.

माघ-फाल्गुनात आपल्याकडे गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपिटीने केलेला नाश वाचक विसरले नसतील. अशा वेळी शिंदीची पाने फाटतात, पण कोंब आतल्या पानांच्या आवरणात सुरक्षित असतो. फाटकी पाने लगेच छाटून टाकू नयेत. ती हिरवी आहेत तोवर झाडास अन्न पुरवितातच.

रोग व किडी

ओलीच्या दिवसांत मुख्य भीती शेंडा कुजण्याची. हा रोग बुरशीपासून होतो. मधले पान पिवळे पडून कोमेजते, ओढल्यास उपटून येते व त्याच्या बुडाशी दुर्गंधी येते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशात ह्या रोगाने ताडांची फार हानी केली होती. पुसा येथील शास्त्रज्ञ बटलर ह्यांनी त्याचा अभ्यास करून १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रोगट शेंडे तोडून जाळणे हाच त्या वेळी मुख्य उपाय ठरला, आणि आजही पूर्ण कुजलेल्या झाडास दुसरा उपाय नाही. रोग होऊ नये म्हणून मात्र सोपी तजवीज आहे. पावसाळ्याच्या आरंभी एकदा व मध्यावर एकदा बोर्डो मिश्रण शेंड्यावर फवारावे. एक किलो मोरचूद व एक किलो चुना निरनिराळ्या भांड्यांत विरघळवून, दोन्ही मिळून शंभर लिटर पाणी होईल असे मिश्रण करावे. मोरचुदाकरिता लोखंडी भांडे वापरू नये व मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

किडींपैकी दोन ध्यानात ठेवाव्या. गेंडाभुंगा कोवळा कोंब कुरतडतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात वाढतात, म्हणून उकिरडा ताडझाडांपासून दूर असावा व उपसताना सापडलेल्या अळ्या नष्ट कराव्या. दुसरा सोंड्या भुंगा. तो ताज्या जखमेच्या वासावर येतो, तेथे अंडी घालितो व त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. म्हणून पावसाळ्यात हिरवे पान तोडू नये. तोडणी हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत करावी व मोठी खाच पडल्यास तिला मोरचूद-चुन्याचा दाट लेप द्यावा.

झाडापासून मिळणारे उत्पन्न

शोभेपलीकडे शिंदीचा उपयोग काय, हा शेतकऱ्याचा रास्त प्रश्न आहे. तिच्या पानांच्या केरसुण्या, फडे, चटया व टोपल्या होतात, हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. दिवाळीत लक्ष्मी म्हणून जिची पूजा होते ती केरसुणी पुष्कळदा शिंदीच्याच पानांची. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लग्नातील मौर शिंदीच्या पानांचा करण्याची चाल अनेक जातींत असल्याचे नमूद आहे. फळ लहान व गर थोडा, तरी मुलांस व पाखरांस ते प्रिय आहे. सुगरण पक्षी विहिरीवर झुकलेल्या शिंदीस आपले खोपे टांगितात, आणि आपल्या पिलांना किडे भरवून शेतकऱ्याचे काम करितात. झाडाचे छत्र लहान असल्यामुळे धुऱ्यालगतच्या पऱ्हाटीवर किंवा तुरीवर सावलीही फारशी पडत नाही.

पाने तोडणाऱ्यांचा एक दोष येथे सांगितला पाहिजे. चटईकरिता मऊ पान हवे म्हणून ते शेंड्यातील कोवळी पाने ओढून काढितात. हे म्हणजे व्याजाऐवजी मुद्दल खाणे होय. तोडावयाची ती खालच्या घेरातील पुरी वाढलेली पाने, तीही एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नव्हेत, असा करार पाने नेणाऱ्याशी आधीच करावा. असे केल्यास तेच झाड वर्षानुवर्षे पाने देत राहते.

उरला रस. शिंदीचा रस शेंड्याखालील खोड तासून थंडीच्या दिवसांत काढितात. थंडी जितकी अधिक तितका रस स्वच्छ व गोड. त्यात साखरेचे प्रमाण शेकडा दहा-बारा असते, म्हणजे दहा किलो रसापासून साधारणपणे एक किलो गूळ होतो. बंगाल्यात हा धंदा फार जुना आहे व जेसोर जिल्हा तर एके काळी शिंदीच्या साखरेकरिताच प्रसिद्ध होता. तेथे काही रात्री रस काढून मग काही दिवस झाडास विश्रांती देतात आणि खाच एका वर्षी एका बाजूस, तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूस घेतात. आपल्याकडेही ह्या धंद्याची परंपरा नाही असे नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत होते. जे. सी. कुमारप्पा हे त्या संघाचे चालक असताना गजानन नाईक ह्यांनी ताडगुळाच्या कामास स्वतःस वाहून घेतले. उसासारखे पाणी व जमीन न मागता, पडीक धुऱ्यावरील झाडापासून गूळ मिळावा, हा त्यामागील विचार होता व तो आजही खोटा ठरलेला नाही.

तथापि दोन सूचना. महाराष्ट्रातील दारूबंदीच्या कायद्यान्वये झाड तासून रस काढण्यास परवाना लागतो. तो घेतल्यावाचून ह्या कामात पडू नये. दुसरे, ताडाच्या खोडाची जखम भरून येत नाही हे वर सांगितलेच आहे. जो दरसाल, विश्रांती न देता, खोल खाचा घेईल त्याचे झाड वाऱ्यात त्याच खाचेशी मोडेल. रसाकरिता झाड निदान सहा-सात वर्षांचे, चांगल्या घेराचे असावे. त्यापूर्वी हात लावू नये.

समारोप

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे. नागपूरकडे ताडझाड न टिकण्याचे कारण केवळ थंडी नव्हे व केवळ पाऊसही नव्हे. अयोग्य जात, अवेळी लावणी आणि काळ्या जमिनीतील खड्डा, ही ती कारणे होत, आणि तिन्ही टाळणे आपल्या हाती आहे. ज्यास शोभा हवी त्याने शिंदी लावावी. तिच्या निळसर हिरव्या घुमटाकार शेंड्यास परदेशी झाडांनी लाजावे अशी ती शोभते. ज्यास धुरा राखावयाचा, नाल्याचा काठ धरावयाचा, घरच्या केरसुण्यांची सोय करावयाची, त्यानेही शिंदीच लावावी. काटे आहेत हे खरे, म्हणून रोजच्या पायवाटेपासून व बैलांच्या गोठ्यापासून ती चार हात दूर असावी. धुऱ्यावर मात्र तेच काटे मोकाट गुरांस व काही अंशी रोह्यांस अडवितात.

सभासद बंधूंनी निदान एवढे तरी करावे. आपल्या शिवारात जी शिंदीची झाडे आजमितीस उभी आहेत त्यांची एकदा मोजदाद करावी, नाल्याचे काम करणाऱ्या ठेकेदारास ती दाखवून वाचविण्यास सांगावे, आणि यंदा फळे गळू लागली की एका पसाभर बिया घरच्या अंगणात पिशव्यांतून पेराव्या. पुढील सालच्या किंवा त्यापुढील सालच्या मृगात ती रोपे धुऱ्यावर गेली म्हणजे आमच्या ह्या लिहिण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.